कोलोरॅडोत पहिली एल्क आणि म्यूल डियरची शिकार: एकाच फेरीत दोन्ही जमेल का?

रानवाटा
नमस्कार मंडळी,

मी डेन्व्हरला लागून असलेल्या ऑरोरात राहतो. शाळेपासूनचा एक मित्र ह्यूस्टनला असतो. येत्या हंगामात दोघांनी मिळून कोलोरॅडोच्या डोंगरात एल्क (सांबराच्या जातीचं धिप्पाड हरीण) आणि म्यूल डियर (त्याहून लहान, मोठ्या कानांचं हरीण) यांच्या शिकारीला जायचं पक्कं केलंय. दोघांचाही हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय (१ जानेवारी १९४९ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्याला त्याशिवाय इथे परवाना मिळत नाही), रेंजवर सराव चालू आहे, ससे आणि ग्राऊज (रानकोंबडीसारखा पक्षी) मी मारलेत. पण एवढं मोठं जनावर, आणि तेही इतक्या उंचीवर, हे दोघांनाही नवीन आहे.

बेत असा: फ्लॅट टॉप्सच्या डोंगरांच्या बाजूला विल्डरनेसमध्ये (वाहनांना बंद असलेल्या राखीव रानात) चार मैल आत चालत जायचं, दहा हजार फुटांच्या आसपास तंबू ठोकायचा आणि आठवडाभर तिथूनच शिकार करायची. दोघांकडेही दोन्ही जनावरांचे टॅग (एक जनावर मारायचा परवाना) असतील. ड्रॉच्या (टॅगच्या सोडतीच्या) अर्जाची मुदत एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी संपते, तेव्हा ठरवायला फार दिवस नाहीत.

विचारायचंय ते हे: दुसरा रायफल हंगाम घ्यावा की तिसरा? पहिल्याच वेळी एल्क आणि डियर दोन्ही मागणं शहाणपणाचं आहे का? आणि समुद्रसपाटीवरून येणाऱ्या माणसाने उंचीची तयारी कशी करावी? गाईड घ्यायचा नाहीये, स्वतः शिकायचंय.

भाऊ_ग्रँडजंक्शन
आधी कागदपत्रांचं बोलू. बरेच नवे लोक डोंगर चढण्याआधी तिथेच अडकतात.

कोलोरॅडोत डियरचा टॅग दुकानात जाऊन मिळत नाही. १९९९ पासून डियरचे सगळे टॅग ठरावीक संख्येचे आणि ड्रॉमधूनच. एल्कचं वेगळं आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्या रायफल हंगामात पश्चिम उताराच्या पुष्कळ युनिटांत (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) नर एल्कचा टॅग ड्रॉशिवाय, ऑगस्टमध्ये विक्री सुरू झाली की विकत घेता येतो. म्हणजे एप्रिलचा तुमचा खरा निर्णय डियरचा आहे. दोन्ही हवे असतील तर हंगाम आणि युनिट जुळायला हवं, नाहीतर एकाच डोंगरात दोन्ही टॅग चालणार नाहीत. यंदाची नियमपुस्तिका स्वतः पानन् पान वाचा. गेल्या वर्षीची ऐकीव माहिती कामाची नाही, नियम दरवर्षी हलतात.

अर्ज करण्याआधी एक क्वालिफाइंग लायसन्स घ्यावं लागतं, म्हणजे स्मॉल गेमचं (लहान जनावरांच्या शिकारीचं) वगैरे. १८ ते ६४ वयाच्या माणसाला हॅबिटॅट स्टॅम्पही लागतो. तू रहिवासी, मित्र अनिवासी. त्याचा एल्कचा टॅग तुझ्या टॅगच्या दहा पटींहून महाग पडेल, हे त्याच्या कानावर आधीच घाल. गटाने अर्ज केलात तर ज्याचे प्रेफरन्स पॉइंट (आधीच्या वर्षांच्या अर्जांतून साठलेले, सोडतीत प्राधान्य देणारे गुण) सर्वांत कमी, त्याचे सगळ्या गटाला लागू होतात.

आणि हे पाठ कर: बहुतेक युनिटांत नर एल्कच्या एका शिंगाला निदान चार टोकं हवीत, किंवा कपाळाजवळचं टोक निदान ५ इंच लांब हवं. टोकं मोजता आली नाहीत तर बोट ट्रिगरवर जाऊ द्यायचं नाही.

चिंचवडी
शिकार कधीही होवो, रस्सा झाला की पत्ता कळवा. टॅग नसला तरी पाहुणा म्हणून येता येतं ना?

टेकडीपार
हंगामाबद्दल माझं मत.

दुसरा हंगाम ऑक्टोबरच्या अखेरीला सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. तिसरा नोव्हेंबरात, तोही नऊ दिवसांचा. तुझ्या दहा हजार फुटांवरच्या तंबूला दुसराच हंगाम मानवेल. तोपर्यंत एल्कचा माज संपलेला असतो, थकलेले नर कळपातून बाजूला होऊन उत्तरेकडच्या उतारांवरच्या दाट स्प्रूस-फरच्या रानात शिरतात आणि दिवसभर उठत नाहीत. खायला बाहेर येतात ते पहाटे आणि संध्याकाळी. मोठा बर्फ पडला नसेल तर एल्क वरच असतात, म्यूल डियरही बऱ्यापैकी वर असतात, त्यामुळे एकाच डोंगरात दोन्ही दिसण्याचा संभव जास्त.

तिसऱ्या हंगामात गणित बदलतं. बर्फाने डियर खाली सरकतात, सहा ते आठ हजार फुटांवरच्या ओक आणि सेजब्रशच्या पट्ट्यात. नोव्हेंबरच्या मध्यापासून त्यांचा माज चढू लागतो, एरवी न दिसणारे मोठे नर माद्यांमागे दिवसाउजेडी फिरतात. म्हणून तिसऱ्या हंगामाचे डियर टॅग मिळायला अवघड. त्या वेळी वर तंबू ठोकून बसलात तर डियर तुमच्या पायाखाली तीन हजार फूट असतील आणि तुम्ही बर्फात अडकलेले असाल.

ज्याला मोठ्या शिंगांचा डियर हवा त्याने तिसरा घ्यावा. शिकायचंय त्याने दुसरा.

मीनल_फोर्टकॉलिन्स
टेकडीपार यांच्याशी हंगामाबाबत सहमत. पण रानवाटा, तुमच्या बेतातलं "चार मैल आत" मला फार खटकलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मोठा नर एल्क ७०० पौंडांच्या घरात जातो. जागेवरच हाडं काढली तरी २०० पौंडांच्या आसपास निव्वळ मांस उरतं. पाठीवर ५० पौंड घेतले तर चार खेपा. चार मैलांवरून एकट्याने आणायचं तर चार खेपा भरलेल्या आणि तीन मोकळ्या, म्हणजे २८ मैल. दोघांनी वाटून घेतलं तरी प्रत्येकाला १२ मैल, पडलेल्या ओंडक्यांवरून, अपुऱ्या प्राणवायूत. यात शिंगं नाहीत, तंबू नाही, बंदूक नाही. आणि तुमच्याकडे चार टॅग असणार आहेत.

मी आणि नवरा बरीच वर्षं शिकारीला जातो. आमच्या घरी बेत ठरतो तो मांस कसं आणायचं इथून, आणि मग उलटा मागे जातो. नकाशावर आधी गाडी कुठे उभी राहील ते ठरवतो, मग गाडीच्या वरच्या बाजूचे उतार बघतो. गाडीपासून दीड-दोन मैलांत आणि गाडीहून उंचावर, म्हणजे भरलेली पाठपिशवी घेऊन उतरायचं असतं. खोल घळीच्या तळाशी एल्क दिसला तर आम्ही तो बघतो, खुणेला ठेवतो आणि सोडून देतो. तो वर येईल तेव्हा बघू.

कारण मांस थांबत नाही. एल्कची कातडी जाड, मान आणि मांड्या भरलेल्या. बाहेर गारठा असला तरी मांडीच्या हाडाजवळची ऊब तासन्‌तास तशीच राहते आणि मांस तिथूनच नासायला लागतं. जनावर पडलं की कातडी लगेच काढायची, चारही पाय वेगळे करायचे, पाठीचे पट्टे काढायचे, सगळं कापडी गेम बॅगमध्ये घालून सावलीत वाऱ्याला टांगायचं. पोट न फोडता कापायची पद्धत आहे, तिचे व्हिडिओ बघा आणि जमलं तर आधी कोणाच्या तरी बरोबर प्रत्यक्ष करून बघा. खाण्याजोगं मांस रानात टाकून येणं कोलोरॅडोत गुन्हा आहे. कायदा नसता तरी माझ्या मते तो गुन्हाच असता.

रानवाटा
मीनलताई, हे गणित कुणी असं मांडून दाखवलं नव्हतं. मग दोन चाकांची गाडी, ती गेम कार्ट म्हणतात ती, नेली तर?

भाऊ_ग्रँडजंक्शन
विल्डरनेसमध्ये चाक चालत नाही. मोटार नाही, सायकल नाही, हातगाडीही नाही. पाठ किंवा खेचर-घोडा. बाहेरच्या नॅशनल फॉरेस्टमध्ये चालेल, पण वन खात्याचा मोटार रस्त्यांचा नकाशा घेऊन कुठला रस्ता कधी बंद होतो ते बघ.

पैसे घेऊन घोड्यांवरून मांस उतरवून देणारे नोंदणीकृत पॅकर त्या भागात मिळतात. सप्टेंबरातच फोन करून ठेव. शिकार झाल्यावर शोधायला लागलास तर सगळे घोडे दुसऱ्याच कुणाकडे गेलेले असतात.

श्रावणी_ठाणे
माफ करा, पण मला हा धागा वाचताना त्रास होतोय. आपल्याकडे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे, लहानपणापासून आपण शिकार वाईट हे ऐकत आलो. दुकानात सगळं मिळत असताना एवढ्या देखण्या प्राण्याला गोळी घालायची गरज काय? भांडायचं नाहीये, खरंच समजून घ्यायचंय.

टेकडीपार
श्रावणी, प्रश्न रास्त आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोलोरॅडोत एल्क जवळजवळ संपले होते. बाजारात मांस विकण्यासाठी केलेल्या बेबंद शिकारीने ते संपवले. मग शिकारीवर बंदी आली, वायोमिंगकडून एल्क आणून सोडले, आणि पुढे मोजून-मापून परवाने सुरू झाले. आज कोलोरॅडोत अमेरिकेतल्या इतर कुठल्याही राज्यापेक्षा जास्त एल्क आहेत. वन्यजीव खात्याचा मोठा खर्च परवान्यांच्या पैशातून चालतो. शिवाय १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा केंद्रीय कर राज्यांच्या वन्यजीव कामाला जातो. रानातल्या जनावराचं मांस विकायला बंदी आहे, त्यामुळे जुना बाजार परत उभा राहू शकत नाही.

भारतातला कायदा भारताच्या परिस्थितीला योग्यच आहे. तिथे वाघापासून माळढोकापर्यंत सगळं हातचं चाललं होतं. माझा त्या कायद्याला पूर्ण पाठिंबा आहे.

मीनल_फोर्टकॉलिन्स
माझं उत्तर साधं आहे. मी मांस खाते. कोंडून वाढवलेल्या जनावरापेक्षा रानात मोकळं जगलेलं जनावर, स्वतःच्या हाताने आणि जबाबदारीने, हे मला जास्त प्रामाणिक वाटतं. प्रत्येक वेळी गळ्याशी आवंढा येतो, आणि तो यायलाच हवा.

श्रावणी_ठाणे
मी शाकाहारी आहे, त्यामुळे पटलं असं म्हणणार नाही. पण बाजार आणि परवाना यातला फरक कळला. धन्यवाद. ज्यांना नुसते बघायचेत त्यांच्यासाठी जागा आहे का?

मीनल_फोर्टकॉलिन्स
आहे की! सप्टेंबरच्या शेवटी एस्टेस पार्कला या. रॉकी माउंटन नॅशनल पार्कात शिकारीला बंदी आहे, तिथे संध्याकाळी कुरणात नर एल्क साद घालतात. एवढ्या धिप्पाड जनावराच्या गळ्यातून इतका उंच, बासरीसारखा आवाज कसा निघतो असं वाटत राहतं. इकडे आलात तर मी घेऊन जाईन.

धन्वंतरी_८८
उंचीबद्दल. मी डॉक्टर आहे, पण इथे लिहितोय ती सर्वसाधारण माहिती. औषध स्वतःच्या डॉक्टरला विचारूनच.

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, म्हणजे ५,४०० फूट. डेन्व्हर शहर ५,२८०. महाराष्ट्राचं सर्वांत उंच टोक जिथे संपतं तिथे ऑरोरातला माणूस रोज भाजी आणायला जातो, आणि तुमचा तंबू त्याच्याही जवळजवळ दुप्पट उंचीवर आहे. सह्याद्रीत कितीही ट्रेक केले असले तरी त्यातून पाय तयार होतात, उंचीची सवय होत नाही. दहा हजार फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो.

साधारण आठ हजार फुटांपुढे त्रास सुरू होऊ शकतो: डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं. ह्यूस्टनच्या मित्राने विमानातून उतरून त्याच दिवशी वर जाऊ नये. एक-दोन रात्री तुमच्याकडे ऑरोरात, मग एक-दोन रात्री आठ-नऊ हजार फुटांवरच्या एखाद्या गावात किंवा गाडीच्या तळावर, आणि मग वर. पाणी भरपूर, पहिल्या रात्री दारू अजिबात नाही, झोपेच्या गोळ्या नाहीत. ॲसिटाझोलामाइड काहींना उपयोगी पडतं, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

डोकेदुखी असेल तर आणखी वर चढायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, खोकला वाढला, चालताना तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला तर रात्र आहे की दिवस हे न बघता खाली उतरवायचं. फुफ्फुसात किंवा मेंदूत पाणी साठण्याची ती लक्षणं आहेत आणि त्यावर पहिला उपचार उतरणं हाच. धडधाकट तरुण माणूसही यातून सुटत नाही. उलट तोच जास्त वेळ अंगावर काढतो.

फोनला रेंज नसते. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्या आणि वापरायचं कसं ते दोघांनाही येऊ दे.

ऑस्टिनकर
थोडं विषयाला सोडून, पण इथे कामाचं आहे. एच-वन-बी वर असलेल्याला बंदूक हातात घेता येते का? मला एकजण म्हणाला सरळ तुरुंग.

भाऊ_ग्रँडजंक्शन
विषयाला सोडून अजिबात नाही. नॉनइमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक आणि काडतुसं बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. मात्र त्याच कायद्यात अपवाद आहे: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला वैध शिकार परवाना जवळ असेल तर ती मनाई लागू होत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना हा प्रश्न येत नाही. परवान्याची मुदत संपली की अपवादही संपला, म्हणून तारखेकडे डोळ्यांत तेल घालून बघायचं. राज्यांचे कायदे आणखी वेगळे असतात. व्हिसाचा प्रश्न आहे, तेव्हा रेंजवर मित्राची बंदूक हातात घेण्याआधीसुद्धा वकिलाशी बोला.

वाशिष्ठीकाठ
वाचताना आजोबा आठवले. चिपळूणकडे आमची भातशेती होती, रानडुकरं एका रात्रीत खाचर उलटं करायची. आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. ते म्हणायचे, डुकराला दिसलास तरी चालेल, वास लागला की संपलं. मचाणावर चढण्याआधी मूठभर धूळ सोडून वारा बघायचे. एल्कलाही हे लागू असेल ना?

टेकडीपार
तंतोतंत. एल्कचं नाक हा तुमचा सर्वांत मोठा शत्रू. डोंगरात वाऱ्याचं वेळापत्रक असतं: पहाटे गार हवा उतारावरून खाली वाहते, ऊन अंगावर आलं की तीच हवा वर चढायला लागते, संध्याकाळी सावली पडली की पुन्हा खाली. म्हणून सकाळी खालून वर सरकायचं, आणि ऊन तापायच्या आत जनावराच्या बरोबरीच्या किंवा वरच्या उंचीवर पोचायचं. मधल्या तासाभरात हवा गोल फिरते, तेव्हा हलूच नये. पावडरची छोटी बाटली खिशात ठेवायची, आजोबांच्या धुळीचंच काम करते.

आणि ठासणीच्या बंदुकीचा वेगळा हंगाम इथे सप्टेंबरात असतो, नऊ दिवसांचा. त्यात दुर्बीण लावायला परवानगी नाही, नळीवरच्या नुसत्या माशीवर नेम धरायचा. तुमच्या आजोबांना आवडला असता.

वाशिष्ठीकाठ
आवडला असता! त्यांना सांगायला हवं होतं हे.

धनुर्धर_बोल्डर
सगळे रायफलच्याच मागे का? माझं ऐका, सप्टेंबरात धनुष्य घेऊन या. हवा उबदार, ॲस्पेन पिवळे, नर साद घालतायत, तुम्ही उत्तर द्यायचं आणि तो तुमच्याकडे चालत येतो. ती शिकार खरी.

भाऊ_ग्रँडजंक्शन
शिकार खरी, पण पहिल्या वर्षासाठी नाही. नेमका बाण मारायला चाळीस यार्डांच्या आत पोचावं लागतं, आणि सरावाला वर्ष-दोन वर्षं द्यावी लागतात. जखमी एल्क रात्रभर शोधत फिरण्याइतकं वाईट काही नाही. शिवाय २०२५ पासून अनिवासींना धनुष्याचा एल्क टॅग ड्रॉशिवाय मिळत नाही. यांचा मित्र ह्यूस्टनचा आहे.

धनुर्धर_बोल्डर
अनिवासींचा मुद्दा मान्य. सरावाचाही मान्य. तरी रानवाटा, सप्टेंबरात बंदूक न घेता नुसता डोंगर बघायला जा. उन्हाळ्यात एल्क कुठे चरतात, पाणी कुठे आहे, लोक कुठून येतात हे तेव्हाच कळतं. खाजगी जमिनीची हद्द फोनवरच्या ऑनएक्स नकाशात उतरवून ठेव. इथे जमीनमालकाने पाटी किंवा कुंपण लावलंच पाहिजे असं नाही, हद्द ओळखणं ही तुझी जबाबदारी.

पठारावरचा
बंदूक कुठली घेतलीये? .२७०, .३०-०६, ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम, काहीही चालेल. कायद्याने निदान .२४ कॅलिबर आणि एल्कसाठी निदान ८५ ग्रेनची गोळी लागते. कॅलिबरवर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी तो वेळ सरावाला द्यावा. टेबलावर टेकून मारलेल्या गोळ्यांना डोंगरात अर्थ नाही. पन्नास पावलं धावत या, धाप लागलेली असताना गुडघ्यावर बसून, पाठपिशवीवर टेकवून मारून बघा. ज्या अंतरावर दहाच्या दहा जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत बसतात ते तुमचं अंतर. पहिल्या वर्षी २०० यार्डांपुढे मी कोणालाच सांगणार नाही. खांद्यामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या भागात, आडवं उभं असतानाच.

तांब्याच्या गोळ्या वापरा. शिशाचे बारीक तुकडे मांसात दूरवर पसरतात, आणि ते मांस घरातली मुलं खाणार असतात.

नारिंगी कपडे विसरू नका: कमरेच्या वर ५०० चौरस इंच चमकदार नारिंगी किंवा गुलाबी, आणि डोक्यावर चहूबाजूंनी दिसेल अशी त्याच रंगाची टोपी.

मीनल_फोर्टकॉलिन्स
अजून एक: मादी एल्क आणि मूस यांच्यात गल्लत होते. १९७८ पासून कोलोरॅडोत मूस आणून सोडले आणि ते आता चांगले पसरलेत, फ्लॅट टॉप्सवरही आहेत. गडद तपकिरी, जवळजवळ काळं, लोंबतं नाक: मूस. पिवळट कुल्ला आणि गडद मान: एल्क. शंका असली तर नाही.

आणि डियरचं डोकं तपासायला द्या. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा रोग पहिल्यांदा लक्षात आला तो १९६७ मध्ये, आमच्याच फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या म्यूल डियरमध्ये. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण रोगट जनावराचं मांस खाऊ नका असा सल्ला आहे. काही युनिटांत तपासणी सक्तीची असते. निकाल येईपर्यंत मांस नाव-तारीख घालून फ्रीझरमध्ये वेगळं ठेवायचं. मित्र ह्यूस्टनला मांस नेणार असेल तर हाडं काढूनच. डोकं, मणका राज्याबाहेर न्यायचे नियम कडक आहेत.

चिंचवडी
आता तरी कोणीतरी रश्श्याबद्दल बोला.

मीनल_फोर्टकॉलिन्स
बोलते. एल्कला चरबी नसते. पाठीचे पट्टे आणि आतले फिले मटणासारखे शिजवले तर लाकूड होतं. ते तुपात मीठ-मिरी लावून मोठ्या आचेवर, आतून गुलाबी असतानाच उतरवायचे. रश्श्याला पुढचा पाय आणि मान. आलं-लसूण, दही आणि कच्ची पपई लावून रात्रभर, मग भाजलेलं कांदा-खोबरं आणि मालवणी मसाला, कुकरमध्ये मटणापेक्षा दोन-तीन शिट्ट्या जास्त. खिम्याला उरलेलं सगळं, त्यात थोडी बकऱ्याची चरबी. म्यूल डियर जास्त सेजब्रश खाऊन आला असेल तर किंचित उग्र लागतो, त्याला सुकं बरं.

तंबूत कुकर न्याच. दहा हजार फुटांवर पाणी ९० अंश सेल्सियसलाच उकळतं, उघड्या भांड्यात डाळ शिजत बसते ती शिजतच नाही. वजन वाटतं, पण गरम खिचडी मिळाली की दुसऱ्या दिवशी पाय उठतात.

चिंचवडी
मीनलताई, जय हो. विमानाचं तिकीट बघतो.

सुहास_सिएटल
मूळ प्रश्नाचं काय ठरलं? दोन्ही टॅग की एक? भाऊंनी कसं जमतं ते सांगितलं, मीनलताईंचा कल नकोकडे दिसतोय.

भाऊ_ग्रँडजंक्शन
माझं मत दोन्ही घ्यावेत असं होतं. एल्क दिसत नसतील तेव्हा डियर शोधता येतात, दिवस फुकट जात नाहीत. रायफलवाल्या एल्कच्या शिकाऱ्यांत पाचातला एकही यशस्वी होत नाही अशी वर्षं असतात.

मीनल_फोर्टकॉलिन्स
भाऊ, तुम्ही तिथे राहता, डोंगर तुमच्या ओळखीचा, मदतीला चार माणसं येतात. हे दोघेच आहेत. चार टॅग हातात असले की संध्याकाळी उजेड जाताना, नको त्या घळीत, "डियर तरी घेऊ" असं वाटतं. दुसऱ्या दिवशी एल्क पडला तर आधीच्या मांसाकडे कोण बघणार?

माझी सूचना: दोघांत मिळून एक एल्क टॅग आणि एक डियर टॅग. मित्राने डियर घ्यावा. अनिवासीला तो एल्कपेक्षा स्वस्त पडतो आणि जनावर समुद्रसपाटीवरून आलेल्या माणसाला वाहून नेण्याजोगं असतं. रानवाटा, तुम्ही एल्क घ्या. ज्याचा टॅग त्यानेच गोळी मारायची, दुसऱ्याच्या टॅगवर मारणं बेकायदा आहे. शोधायला, कापायला, वाहायला दोघेही एकत्र. जनावर पडलं की टॅगवर लगेच सही-तारीख, आणि नर असल्याचा पुरावा मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवायचा. कापताना घाईत तोच आधी जातो.

भाऊ_ग्रँडजंक्शन
हे मला सुचायला हवं होतं. पटलं. दोन नवशिक्यांसाठी याहून चांगला बेत नाही.

रानवाटा
मित्राशी काल रात्री बराच वेळ बोललो, त्यालाही धागा वाचायला दिला. ठरलं ते असं:

दुसरा रायफल हंगाम. डियरसाठी एप्रिलमध्ये तो एकटा अर्ज करणार, मी ऑगस्टमध्ये त्याच युनिटात चालणारा नर एल्कचा टॅग घेणार. विल्डरनेसमधला चार मैलांचा तळ रद्द. नऊ हजार फुटांच्या आसपास रस्त्याकडेला तळ, शिकार दोन मैलांच्या आत आणि तळाच्या वरच्या बाजूला. मित्र चार दिवस आधी येईल, दोन रात्री माझ्याकडे, दोन रात्री तळावर. पाठपिशवीत वजन घालून जिने चढणं त्याने सुरू केलंय, ह्यूस्टनला टेकडी नाही म्हणून पार्किंगच्या इमारतीत. मी जूनपासून दर महिन्याला त्या युनिटात जाऊन येणार. दोन पॅकरांचे नंबर मिळवलेत. त्याचा व्हिसा एच-वन-बी आहे, ऑस्टिनकरांनी विचारलं म्हणून बरं झालं, तो या आठवड्यात वकिलाशी बोलतोय.

एक शंका राहिली. मी यंदा डियर मागणार नसेन तर माझं वर्ष वाया जाईल का?

टेकडीपार
जायला नको. फक्त प्रेफरन्स पॉइंट मिळवण्यासाठी वेगळा कोड असतो, डियरचा डी-पी-९९९-९९-पी. पहिल्या पसंतीला तोच टाक. क्वालिफाइंग लायसन्स तुलाही लागेल. पुढेमागे तिसऱ्या हंगामात मोठ्या डियरसाठी जायचं ठरलं तर हे पॉइंट कामाला येतील.

भाऊ_ग्रँडजंक्शन
मित्राचा हंट कोड भरताना शेवटचा भाग नीट बघा. ओ२-आर म्हणजे दुसरा रायफल हंगाम, ओ३-आर म्हणजे तिसरा. एक आकडा चुकला तर टॅग लागूनही तुम्ही दोघे वेगवेगळ्या पंधरवड्यात डोंगरावर असाल. अर्ज पाठवण्याआधी दोघांनी फोनवर एकमेकांना कोड वाचून दाखवा. युनिट ठरलं की मला व्यक्तिगत निरोप करा, त्या बाजूचे कुठले रस्ते पहिल्या बर्फाने बंद होतात ते नकाशावर खुणा करून पाठवतो.